न धुतलेला सदरा

गायकवाड सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवायच्या. पाणी आजचं की कालचं, हे त्यांना बोटाला कळायचं म्हणे. मग गळपट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते बघायच्या, कान उलटून वास घ्यायच्या, आणि हे सगळं उरकल्यावर घरातल्या माणसांकडं वळून म्हणायच्या, "हां, तुम्ही कसे आहात?"

चहा घ्यायच्या नाहीत. "मी तुमच्याकडं नाही, त्याच्याकडं आलेय. त्यानं विचारला तर घेईन."

आणि सांगून कधीच यायच्या नाहीत. काळेवाडीच्या आमच्या चाळीत फरशीवर त्यांच्या छत्रीचं टोक टकटक वाजलं की मी कुत्र्याचं पाणी बदलायला धावायचो. नुकतंच बदललेलं असलं तरी धावायचो. ती छत्री वाजायची थांबली त्याला आता पाच-सहा वर्षं होतील. कुठंही तसं टकटकलं की मी अजून उठून उभा राहतो. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निर्मलेला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. हे छापून आलं तर तिलाही ते इथंच कळेल.

सिस्टर आमच्या कंपनीच्या दवाखान्यात नर्स होत्या. मी स्टोअरमध्ये. ठेंगण्या, रुंद मनगटाच्या, पांढऱ्या साडीवर बारमाही राखाडी स्वेटर. त्यांनी लग्न केलंच नव्हतं की केलेलं मोडलं होतं, यावर कँटीनमध्ये दोन पक्ष होते. विचारायची छाती दोन्ही पक्षांत कुणाची नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फडताळात बिस्किटांचे पुडे. नवीन लागलेल्या एका पोरानं एकदा पुड्याला हात घातला तर म्हणाल्या, "ठेव. ते पेशंटसाठी न्हाईत, माझ्या मानसांसाठी हायेत." त्यांची माणसं म्हणजे कुत्री. एरवी बोलणं अगदी शुद्ध, पण चिडल्या किंवा मायेत आल्या की तोंडातून खेड-राजगुरुनगरकडची बोली बाहेर पडायची. दोन्हींतलं नेमकं काय चाललंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं.

प्रेसवर बोट चेमटून घेतलेला भला दांडगा गडी त्यांच्यापुढं रडायला लागला की त्याचं मनगट काखेत धरून म्हणायच्या, "बोंबल. हवं तेवढं बोंबल. फक्त हलू नको." हे वाक्य कंपनीत इतकं रुळलं होतं की पगारवाढीची बोलणी फिसकटली तेव्हा युनियनच्या एका पुढाऱ्यानं गेटवरच्या भाषणात वापरलं, आणि खूप हशा झाला होता.

ड्युटी सुटली की त्या मोशीला जायच्या. इंद्रायणीच्या अलीकडं एक वीटभट्टी बंद पडली होती. तिच्या शेडमध्ये गाडीखाली सापडलेली, खरूज झालेली, मालकांनी टाकलेली कुत्री त्यांनी ठेवली होती. हाताखाली पगारी कुणी नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर गॅरेज असलेले इब्राहिमभाई आपल्या टेम्पोतून जखमी कुत्री आणायचे, आमच्या कँटीनचा उरलेला भात पोचवायचे. बाकी हाताला लागेल त्याला सिस्टर कामाला लावायच्या.

कुत्र्यांची नावं ठेवायची त्यांची एक रीत होती. जिथं सापडलं ते नाव. त्यामुळं शेडमध्ये 'सिग्नल' होता, 'कँटीन' होती, 'गेट' होता. कँटीन एकदा हरवली आणि बऱ्याच दिवसांनी दापोडीच्या पुलाखाली सापडली. तेव्हापासून ती 'दापोडी' झाली. मी विचारलं, आधीचं नाव काय वाईट होतं? म्हणाल्या, "पुन्हा घावलं म्हणजे पुन्हा जलमलं. नवा जलम, नवं नाव."

मी तिथं कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, कारण हे माझ्याबद्दल नाही. निदान तसं ठरवून लिहायला बसलोय. आमचं दुसरं मूलही राहिलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या हातावर एक खोकं पडलं. सिस्टर पट्टी बांधत होत्या.

"लक्ष कुठं होतं?"

"कुठं नाही."

"घरी दिवसभर कोण असतं?"

"बायको."

"एकटीच?"

त्यांनी पट्टीची गाठ मारली आणि म्हणाल्या, "रविवारी दोघं मोशीला या, शिंदे. चांगले कपडे घालू नका."

आम्ही गेलो. अंगावर उड्या मारणाऱ्या त्या सगळ्या गोतावळ्यात एक बुटकं कुत्रं बाजूला बसून कोपऱ्यातल्या बिळाकडं टक लावून बघत होतं. आखूड पाय, काथ्याच्या ब्रशासारखे राठ केस, हनुवटीला दाढी, एक कान उभा आणि एक मोडलेला. एका परदेशी इंजिनिअरचा करार संपला, तो मायदेशी गेला, कुत्रं बंगल्याच्या फाटकाशी वाट बघत बसून राहिलं. म्हणून नाव 'बंगला'.

"हा टेरियर आहे," सिस्टर निर्मलेला म्हणाल्या. "उंदरांसाठीच जन्म यांचा. भुंकेल, जमीन उकरेल, एक ऐकणार नाही. खातापिताना मधे हात घातलेला खपत नाही. बघा बाई, जमतंय का."

निर्मला त्याच्याशेजारी मातीत बसली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला पाय पसरून बसलेली बघत होतो.

पण कुत्रं लगेच द्यायच्या नाहीत. आधी घरातल्या माणसाचा अंगात वापरलेला सदरा पाठवायचा, न धुतलेला. तो कुत्र्याखाली आठवडाभर अंथरायचा. वास ओळखीचा झाला की मग कुत्रं घरी. मी शनिवारी सदरा काढून ठेवला आणि फर्स्ट शिफ्टला गेलो. निर्मलेचा काही धीर झाला नाही. परक्या बाईच्या घरी नवऱ्याचा मळका सदरा पाठवायचा? तिनं तो धुतला, नीळ दिली, इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणला आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. सिस्टरनी पुडकं उघडलं, सदरा नाकाला लावला आणि डोळे मिटले.

"शिंदे, बाईंना सांगा, तुमच्या नवऱ्याचा वास पाठवा. साबणाचा वास आमच्या दवाखान्यात आहे."

कंपाउंडर इतका हसला की त्याच्या हातातली बाटली सांडली. आठवडाभर स्टोअरमध्ये मला कुणी 'शिंदे' म्हणून हाक मारली नाही. 'निळीचा सदरा' म्हणायचे.

कुत्रं द्यायच्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर उभं केलं. "नकोसं झालं, झेपेनासं झालं, तर माझ्याकडं परत आणायचं. रस्त्यावर सोडायचं नाही. मला नका सांगू. त्याला सांगा."

मी इकडंतिकडं बघितलं. इब्राहिमभाईंनी समजून पाठ फिरवली. मी खाली वाकलो आणि त्या दाढीवाल्या तोंडाला सांगितलं, "तुला रस्त्यावर सोडणार नाही." त्यानं माझ्या चपलेवर येऊन सगळं वजन टाकून बूड टेकलं. ती त्याची सवय होती. माणूस आवडलं की त्याच्या पायावर बसायचं.

चाळीत चेष्टा झाली. "शिंद्यांनी बंगला घेतला! खोली भाड्याची, बंगला स्वतःचा!" पण महिन्याभरात चाळीतले उंदीर संपले आणि शेजारणी कागदातून भाकरीचे तुकडे आणून द्यायला लागल्या. निर्मला त्याच्याशी दिवसभर बोलायची. संध्याकाळी मी आलो की ती मला सांगायची, आज तो काय म्हणाला.

मग बेबीला तो चावला.

बेबी म्हणजे शेजारच्या सोनवण्यांची मुलगी, सहाएक वर्षांची. तो भाकरी खात होता, तिनं लाडानं दाढी ओढली. मनगटाशी दोन दात उमटले, रक्त आलं. अर्ध्या तासात चाळ अंगणात गोळा. सोनवण्यांच्या भावाच्या हातात सळई. "पोर झालं न्हाई म्हणून कुत्रं पोसलं, आता आमच्या पोरीला खातंय," असं कुणीतरी मागून म्हणालं. कोण ते मला माहीत आहे, पण जाऊ दे.

सिस्टर आल्या. बेबीचं मनगट साबणानं इतका वेळ धुतलं की ती रडून रडून गप्प झाली. मग अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मारायचंय? मारा. सळई कशाला, दगड घाला. पण आधी ऐकून घ्या. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं. पोरीला एकही सुई नाही. दहा दिवसांच्या आत ते मेलं, नाहीतर हरवलं, तर पोरीच्या पोटात चौदा इंजेक्शनं. ही एवढाली. काय पायजे बोला."

सोनवणे खालच्या आवाजात म्हणाला, "मग तुमच्याकडं घेऊन जावा, सिस्टर."

"मी नेलं आणि दहाव्या दिवशी जिवंत आहे म्हणून सांगितलं, तर तुम्ही विश्वास ठेवाल? ते इथंच राहील. बांधून. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर." मग माझ्याकडं वळल्या. "शिंदे, तुमच्या जिवावर सोडून जातेय."

मी दोरी आणली आणि त्याला दाराशी बांधलं.

दुसरा दिवस मी रजा टाकून कुत्र्यापुढं बसून काढला. ते जास्त पाणी प्यायलं तर वाटायचं पिसाळलंय. पाणी नाही प्यायलं तर वाटायचं, झालं, पाण्याला भ्यायला लागलं. लाळ गळाली की मी धोतराच्या फडक्यानं पुसून टाकायचो, कुणाला दिसू नये म्हणून. समोरच्या ओट्यावर सोनवण्यांचा भाऊ सळई मांडीवर घेऊन बसलेला. चाळमालक येऊन गेला: "शिंदे, महिनाअखेर खोली बघा दुसरी." येणारा-जाणारा थांबून आधी कुत्र्याकडं आणि मग माझ्याकडं बघायचा. उन्हं उतरली तेव्हा कुत्र्यानं भाकरी नाकारली. निर्मला म्हणाली, "उकाड्यानं असेल." मला मात्र ते सगळ्यांसमोर तडफडून मरताना दिसायला लागलं, आणि मी बाजूला उभा.

तिसऱ्या दिवशी सकाळी निर्मला दळण घेऊन गिरणीत गेली होती. सोनवण्यांचा भाऊ शिफ्टला गेला होता. मी कुत्रं पिशवीत घातलं आणि एसटी पकडली.

मोशीला सिस्टरकडं नेऊन टाकावं, त्या ओरडल्या तर ओरडू देत, असं ठरवून मी निघालो होतो, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खोटं आहे. कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी चाकण म्हणालो, आणि विचार करून म्हणालो. सिस्टरनी ते पुन्हा चाळीत आणून बांधलं असतं. मला ते कुठंच नको होतं. मोशीचा फाटा आला तेव्हा पिशवीतून दाढी वर आली. त्यानं हवेत नाक धरलं आणि बारीक आवाजात रडायला लागलं. शेड खिडकीतून दिसत होती. मी पिशवीचं तोंड दाबून धरलं.

चाकणला बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या वखारींमागं मी पिशवी उघडली. त्यानं अंग झाडलं आणि माझ्या चपलेवर येऊन बसलं. मी खिशातलं बिस्कीट काढून लांब भिरकावलं. ते धावलं. मीही धावलो, उलट्या दिशेनं.

घरी येऊन दोरीचं टोक दगडावर घासलं आणि सांगितलं, तुटली. नदीकडं पळालं.

संध्याकाळी सिस्टर आल्या. दोरीचं टोक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "सुटलं की सोडलं?"

"सुटलं."

त्यांनी दोरी पर्समध्ये ठेवली. "अंगातला सदरा काढा."

मी सगळ्यांदेखत सदरा काढला आणि बनियनवर उभा राहिलो. सदरा घेऊन त्या चाळीमागं पवना नदीच्या काठी गेल्या, एका सपाट दगडावर तो पसरला, वर धोंडा ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या. वास नाकात बसला की कुत्रं फिरून फिरून तिथं येतं, म्हणाल्या.

बेबीच्या सुया सुरू झाल्या. नगरपालिकेच्या दवाखान्यात रोज सिस्टर तिला घेऊन जायच्या, कारण तिच्या आईला ते बघवत नव्हतं. एक-दोनदा मीही बरोबर गेलो आणि बाहेर थांबलो; भिंतीपलीकडून ऐकू यायचं: "बोंबल माझी बाय. हवं तेवढं बोंबल. फक्त हलू नको." कुत्रं जिवंत सापडलं तर राहिलेल्या सुया वाचणार होत्या, म्हणून दवाखान्यातून त्या थेट नदीवर यायच्या. अंधार पडेपर्यंत त्या दगडापाशी बसायच्या, मधूनच हाक मारायच्या, "बंगलाऽऽ". काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या. दर दोन दिवसांनी सदऱ्याचा वास उडाला म्हणून तो मला दिवसभर घालायला लावायच्या आणि परत न्यायच्या. नदीचा, उन्हाचा वास लागलेला तो सदरा अंगात घालून मी स्टोअरमध्ये बोल्ट मोजायचो.

एकदा धीर करून काठावर गेलो. बेबीचं पोट सुजलं होतं आणि ती कुशीवर वळू शकत नव्हती, ते बघून आलो होतो. सांगायचंच, म्हणून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "बसा शिंदे. जिवाला लावून नका घेऊ. दोरी तुटली, त्यात तुमचा काय दोष?" आणि माझ्याकडं बघत राहिल्या. त्या वाट बघत होत्या, हे मला आज कळतं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "येईल ना हो?"

त्यांनी तोंड नदीकडं केलं. "त्याला ठाऊक असंल तर येईल."

दुसऱ्या दिवसापासून दगडावर सदरा दिसला नाही. सिस्टरही काठावर आल्या नाहीत. कँटीनचा भात न्यायला इब्राहिमभाईंचा टेम्पोही आला नाही; तो गावोगावच्या एसटी स्टँडांवर उभा दिसतो, असं कुणीतरी म्हणालं.

रविवारी सकाळी इब्राहिमभाईंचा टेम्पो चाळीसमोर थांबला. सिस्टर उतरल्या. दोरीला कुत्रं. चाळ पुन्हा अंगणात.

"हे बघा. जिवंत. खातंय, पितंय." त्यांनी स्वतः भांडं मागून घेतलं, बोट बुडवलं आणि कुत्र्यापुढं ठेवलं. ते लपालपा प्यायलं. "दहा दिवस होऊन गेले. उद्यापासून पोरीची सुई बंद." निम्म्याच्या वर होऊन गेल्या होत्या, पण उरलेल्या वाचल्या. बेबीची आई उंबऱ्यात मटकन बसली आणि पदर तोंडाला लावला.

"कुठं घावलं, सिस्टर?" सोनवण्यांच्या भावानं विचारलं.

मी अर्धं पाऊल मागं सरलो.

"हितंच. नदीवर. सदऱ्यावर येऊन बसलं होतं."

इब्राहिमभाई टेम्पोचं फाळकं उगाचच पुन्हा बंद करायला गेले.

कुत्रं माझ्या पायावर येऊन बसलं. मी वाकलो. त्याच्या कानामागच्या राठ केसांत काहीतरी अडकलं होतं: लालसर, पातळ, कागदासारखं. कांद्याचं साल. मी मान वर केली तर सिस्टर माझ्याकडंच बघत होत्या. गोचीड काढावी तसं त्यांनी दोन बोटांनी ते साल ओढून काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग पर्समधून कागदाचं पुडकं काढून निर्मलेच्या हातात दिलं. माझा सदरा. धुतलेला, नीळ दिलेला, इस्त्री केलेला.

"अगंबाई, धुतलात कशाला?" निर्मला म्हणाली. "तुम्हीच म्हणायच्या ना, न धुतलेला..."

"आता लागायचा नाही, बाई." आवाज मऊ होता. "हे भट्टीवरच राहील. इथं नको."

निर्मलेनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि आत निघून गेली. मला तिनं काही विचारलं नाही. पुढं कधीही नाही.

सिस्टर पुन्हा आमच्या घरी आल्या नाहीत. दवाखान्यात मात्र माझा हात कापला तर पट्टी बांधायच्या, "लक्ष कुठं होतं?" म्हणायच्या, सगळ्यांना म्हणायच्या तसंच. कधीतरी त्या बोलतील म्हणून मी बारीकसारीक खरचटल्यावरही जायचो. त्या रिटायर झाल्या, भट्टीचं काम इब्राहिमभाईंकडं देऊन राजगुरुनगरला भाचीकडं राहायला गेल्या. निरोपसमारंभात मी मागच्या रांगेत होतो.

गेल्या वर्षी एका लग्नाला राजगुरुनगरला गेलो होतो. परतताना स्टँडवर त्या दिसल्या. बाकावर बसलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असावं, दोन्ही डोळ्यांवर हिरवं कापड बांधलेलं. तोच राखाडी स्वेटर. भाची बहुतेक तिकिटाच्या खिडकीशी. हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला ते. दाढी पांढरी झालेली. मी खांबामागं सरकलो.

त्यानं नाक वर केलं. उभं राहिलं. दोरी ताणली गेली.

"काय रं चाकण?" सिस्टर म्हणाल्या. "कोण दिसलं तुला?"

नाव ऐकलं आणि मी खांबाला हात टेकला. त्यांनी मूठ सैल केली. दोरी सरकत गेली, आणि चाकण हळूहळू चालत, एक पाय ओढत माझ्यापर्यंत आला. चप्पल हुंगली. मग वळून सगळं वजन टाकून माझ्या पायावर बसला.

सिस्टरनी तोंड आमच्या दिशेनं केलं होतं. "कोण आहे?"

लग्नात घामानं भिजलेला सदरा माझ्या पाठीला चिकटला होता. पुण्याची गाडी लागली, कंडक्टर ओरडत होता. त्या थांबल्या. पुन्हा विचारलं नाही, नुसत्या थांबून राहिल्या.

त्यांनी दोरी ओढली नाही. पाय मलाच काढून घ्यावा लागला.